देवीकडं तोंड केलेला भोंगा

यंदाच्या नवरात्रात गावात भोंगा येणार, असं किसनराव पाटलांनी साखऱ्याच्या पारावर सांगून टाकलं तेव्हा सगळं गाव खूश झालं आणि एकटी नर्मदा घाबरली.

गाव खूश होणारच. मागल्या वर्षी पुसेगावानं भोंगा आणला होता आणि अर्धं साखरा बैलगाड्या जुंपून तिकडं पळालं होतं. का, तर पत्र्याच्या कर्ण्यातून माणूस बोलतो कसा ते बघायला! इकडं देवीच्या ओट्यावर जिवनबाईचा आराधी मेळा गात राहिला आणि ऐकायला कोण? चार म्हाताऱ्या, एक आंधळे बुवा आणि बुवांची शेळी. किसनरावांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं.

"यंदा आपली जिवनबाई अशी वाजली पायजे," ते म्हणाले, "की पुसेगावच्या लोकायनी हातातली भाकरी टाकून कान टवकारले पायजेत!"

वाजली म्हणे! जिवनबाई म्हणजे काय थाळी आहे?

जिवनबाई ही नर्मदेची आई. मेळ्याचा पुढचा मान तिचा होता, आणि हा मान काही मागून मिळत नसे. देवी ज्या बाईला गळा देते तिनं पोत हातात घेऊन पुढं उभं राहायचं, असं साखऱ्यात मानत. पोत म्हणजे पिळलेल्या चिंध्यांची, तेलात भिजवलेली मशाल. आणि देवीनं गळा परत घेतला, की मान दुसऱ्या घरी. ते दुसरं घरही ठरल्यासारखंच होतं, वरल्या आळीच्या पार्वतीबाईचं. पार्वतीबाईचा गळा बरा होता, आणि वाट बघायची चिकाटी त्याहून बरी होती.

तीन वर्षांमागं जिवनबाईला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी ताप गेला, पण जाताना तिच्या गळ्यातला वरचा सूर घेऊन गेला. खालचं गाणं राहिलं, जाडसर, घोगरं. चाल वर चढली की मात्र तोंडातून नुसती हवा यायची. त्या वर्षी पहिल्याच माळेला हे झालं तेव्हा अकरा वर्षांची नर्मदा तिच्या मागं झील धरायला उभी होती. झील म्हणजे पुढचीनं ओळ म्हटली की मागच्यांनी तिचं शेपूट उचलायचं. माय वर चढायला गेली, आवाज आलाच नाही, आणि नर्मदेनं पुढचामागचा विचार न करता शेपटाऐवजी अख्खी ओळच उचलली. संबळ कडकडत होतं, झांजा वाजत होत्या, जिवनबाईनं पोत डोक्यावर उचलला होता आणि सगळ्यांचे डोळे त्या जाळावर. कुणाला कळलं? कुणालाच नाही! उलट बाया पाया पडायला आल्या, "तापातून उठून काय गायलीस गं, जिवनबाई!"

तेव्हापासून तीन नवरात्रं हेच चाललं होतं. पोत वर गेला की नर्मदा गायची, पोत खाली आला की माय. दोघींचे आवाज रक्ताचेच, एकमेकींत मिसळून जायचे. पण मायलेकींत याविषयी कधी एक अक्षर झालं नव्हतं. मायला ठाऊक होतं की नव्हतं? नर्मदेला कळेचना. घरी जिवनबाई वरची चाल कधी गात नसे. "ते गाणं माझं न्हाई, पोरी," असं म्हणायची. "ओट्यावर गेले की तीच येऊन गाते." आणि कोनाड्यातल्या देवीला हात जोडायची. हात जोडताना तिचा चेहरा इतका निवांत व्हायचा, की नर्मदेच्या ओठाशी आलेलं पुन्हा पोटात जायचं.

आणि आता भोंगा! पुसेगावला जाऊन आलेल्या बाया सांगत होत्या, भोंग्याच्या वायरीला एक काळं बोंडूक असतं, ते ज्याच्या तोंडाशी त्याचाच आवाज निघतो. मागं उभं राहून कुणी बोंबललं तरी शून्य.

म्हणून किसनरावांनी "मशीन घ्यायला कोण कोण येतं?" विचारलं तेव्हा नर्मदा सगळ्यांच्या आधी उठून उभी राहिली. मशीन बाईच्या आवाजावर तपासायला पाहिजे होतं, आणि माळा बसायच्या आधी जिवनबाई गळा उघडत नसे. शिवाय नर्मदा चौथी पास होती, मशीनबरोबरचा कागद वाचायला उपयोगी. किसनराव म्हणाले, "चल."

हिंगोलीला खाजा मियांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. घड्याळं, गॅसबत्त्या, ग्रामोफोन, सगळ्यांची दुरुस्ती. लढाई संपल्यावर पलटणीच्या लिलावातून त्यांनी तीन मशिनं उचलून आणली होती. तिन्ही हिरव्या लोखंडी पेट्या, पुढं गोल खुंट्या, मागच्या जाळीतून आत काचेच्या नळ्या दिसत होत्या.

किसनरावांनी पहिल्यांदा काय केलं असेल? तिन्ही पेट्या एकेक करून उचलून बघितल्या. मग जाळीतून नळ्या मोजल्या, बैलाचे दात मोजतात तशा.

"हे घेऊ," ते सगळ्यात जड पेटीवर थाप मारून म्हणाले. "हे भरीव हाये."

"पाटीलसाब, तो बैल नाही," खाजा मिया हसले. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. "आधी सांगा, गावात बिजली आहे?"

"बिजली आभाळात."

"मग ही मधली पेटी सोडा, ती बिजलीवर चालते. राहिल्या दोन. दोन्ही मोटारीच्या बॅटरीवर चालतात. आता बघा. बॅटरी म्हणजे तुमची विहीर. मशीन म्हणजे मोट. भोंगा म्हणजे पाट. ही मोठी मोट लावली तर पाणी धो धो येईल. पण किती वेळ? दोन घंट्यांत विहीर कोरडी. ही छोटी मोट लावा, एक भोंगा जोडा, दिवस मावळेपर्यंत चालेल."

"पण पुसेगावला ऐकू..."

"पुसेगावला ऐकू जायचं असेल तर पुसेगावला जाऊन गावं लागेल," खाजा मिया म्हणाले, आणि किसनरावांनी जड पेटीवरचा हात काढला.

नर्मदेचं लक्ष मात्र पेट्यांकडं नव्हतंच. टेबलावर दोन बोंडकं ठेवली होती. एक मुठीएवढं गोल, दुसरं चपटं, दोन्ही बाजूंनी जाळी असलेलं.

"चाचा, ही दोन काहून?"

खाजा मियांनी तिच्याकडं नीट बघितलं. सकाळपासून दुकानात हा पहिलाच बरोबर प्रश्न आला होता. "ये कान है, बेटी. मशीन गात नाही. त्याला स्वतःचा गळाच नाही. कान जे ऐकतो तेच ते मोठं करतं. चांगलं ऐकलं तर चांगलं मोठं, खोकला ऐकला तर खोकला मोठा. हा गोल कान बहिरट आहे. ओठाला लावून बोला, तेवढंच ऐकतो. हा चपटा लांबचंही ऐकतो, पुढचं, मागचं."

"मागचं बी?"

"मागचं बी. गाऊन बघ."

तिनं आधी गोल बोंडूक तोंडाशी धरलं. खाजा मियांनी खुंटी फिरवली, काचेच्या नळ्या हळूहळू लालसर झाल्या. नर्मदेनं डोळे मिटून वरची ओळ म्हटली आणि दुकानाबाहेर टांगलेल्या भोंग्यातून तिचा आवाज बाजारात गेला. रस्त्यातल्या टांगेवाल्यानं लगाम खेचला. बांगड्या भरणारी बाई मनगट हातात धरून थांबली. आणि नर्मदा! तिच्या अंगावर असा काटा आला, असा काटा आला की काय सांगावं! तीन वर्षं हा आवाज मायच्या नावावर जमा होत होता. आज पहिल्यांदा तो एकटा बाहेर पडला होता आणि लोक वळून बघत होते. तिला वाटलं, आणखी एक ओळ म्हणावी. आणखी एकच.

मग तिला स्वतःचीच भीती वाटली. तिनं बोंडूक टेबलावर ठेवलं.

"चपटा द्या," ती म्हणाली. "मेळ्यात आमी सात जणी. साऱ्यांचं ऐकू आलं पायजे."

"बहोत खूब. पण एक लक्षात ठेवा." खाजा मिया किसनरावांकडं वळले. "हा लांबचं ऐकतो, म्हणजे भोंग्याचंही ऐकतो. भोंगा याच्या तोंडावर धरला तर मशीन स्वतःचंच ऐकेल, तेच मोठं करेल, पुन्हा ऐकेल. मग नुसती किंकाळी. भोंग्याची पाठ नेहमी याच्याकडं. मी स्वतः येतो लावायला. गोल कान पेटीत राहू देतो, अडीनडीला."

छोटं मशीन, एक भोंगा, चपटा कान. गाडीत पेंढ्यावर पेटी ठेवून दोघं परत निघाली, तेव्हा नर्मदेला वाटलं, जिंकलो.

आठव्या माळेला दुपारी ओट्यापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. खाजा मियांनी समोरच्या लिंबावर भोंगा बांधला, तोंड लोकांकडं, पाठ मेळ्याकडं. सांगितलं होतं अगदी तसंच. चपटा कान ओट्याच्या मधोमध, काठीला बांधून. संतराम गोंधळ्यानं संबळ शेकून घेतलं होतं. सगळं छान! आणि तेवढ्यात पार्वतीबाईनं लिंबाकडं बघून कपाळाला हात लावला.

"अगं माय! देवीकडं पाठ करून ठेवलाय की ह्यो!"

गर्दी वळली. खरंच की. देवळीतल्या देवीला भोंग्याची नुसती मागची बोंडी दिसत होती.

"गाणं कुणाला? देवीला. आन् तोंड कुणाकडं? बाजाराकडं!" पार्वतीबाई म्हणाली. यात तिचा काही डाव नव्हता. साखऱ्यात देवीकडं पाठ करून कुणी विडीसुद्धा पेटवत नसे. म्हातारी माणसं माना हलवायला लागली. किसनरावांचा चेहरा उतरला.

"फिरवा रे!"

"पाटीलसाब, नका. मी सांगितलं होतं," खाजा मिया म्हणाले.

"काका, नका फिरवू!" नर्मदा पुढं आली. "कानाला त्याचंच ऐकू येईल. मशीन किंचाळंल. आपुन हिंगोलीला ऐकलं न्हाई का, मोटंचं अन्..."

"ए पोरी!" किसनराव तिच्यावरच उखडले. "देवीला आधी ऐकू गेलं पायजे का न्हाई? मोट शिकवती मला!"

दोघं जण लिंबावर चढले आणि भोंगा देवीकडं फिरवला. म्हणजे ओट्याकडं. म्हणजे थेट त्या चपट्या कानावर. खाजा मियांनी नाइलाजानं खुंटी फिरवली.

किंकाळी निघाली. एखादी सुई कानातून डोक्यात जावी तशी. लेकरं रडायला लागली, एका गाडीचे बैल जू झटकून निघाले ते ओढ्यापर्यंत. म्हाताऱ्यांनी देवीला कौल लावायचं काढलं. खाजा मियांनी झटकन खुंटी बंद केली आणि भोंगा पहिल्यासारखा करू द्या म्हणून हात जोडले, पण आता लिंबावर चढायला कुणी तयार होईना. देवीच्या तोंडासमोर आणलेली गोष्ट फिरवून न्यायची? कुणाच्या अंगात बळ?

"ठीक है," खाजा मिया म्हणाले, आणि पेटीचं झाकण उघडून त्यांनी गोल कान बाहेर काढला. "हा ओठाशी धरा. हा बहिरट आहे, याला भोंगा ऐकू येणार नाही."

नर्मदेनं पटकन त्या बोंडकावर हात ठेवला.

"चाचा, ते नको."

"काय झालं बेटी? अब येच चलेगा."

काय सांगणार? ती मायकडं धावली. जिवनबाई पोत पेटवत होती, कपाळभर मळवट, डोळे आधीच कुठंतरी लांब.

"माय, आज वरचं गाणं नको. खालचंच म्हण."

"काहून?"

"ह्या मशिनीत वरचं बराबर येत न्हाई."

"खालचं मी गाते," जिवनबाई म्हणाली. "वरचं ती. तिला येऊ नको म्हणून सांगू का मी?"

इतकं साधं बोलली ती, जसं कुणी पाहुण्याविषयी बोलावं. आणि नर्मदेला कळलं, की मायला ठाऊक नाही. तीन वर्षं तिच्या कानाशी जो आवाज येत होता तो तिला खरोखर देवीचा वाटत होता. आता सांगावं? आता, शेदोनशे माणसांसमोर? संतरामनं संबळावर काठी टाकलीसुद्धा.

किसनरावांनी गोल बोंडूक स्वतःच्या हातानं जिवनबाईच्या तोंडाशी धरलं. तिनं पहिली ओळ म्हटली:

"डोंगराच्या पायथ्याशी तुझ्या लेकी उभ्या गं..."

घोगरी ओळ भोंग्यातून घोगरीच निघाली, पण केवढी! लोकांनी "हां!" केलं. बायांनी झील धरली, ती भोंग्यात आलीच नाही, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दुसरी ओळ. तिसरी. मग चाल वर चढायची वेळ आली. जिवनबाईनं पोत उचलला, तोंड उघडलं. मागून नर्मदेनं जीव काढून ओळ घेतली:

"हाक ऐक, आई, खाली ये!"

आणि भोंग्यातून काय आलं? "ह्... हह्..." फाटक्या भात्यासारखा श्वास, बांगड्यांची किणकिण, थुंकी गिळल्याचा आवाज. सगळ्या गावावर, एवढा मोठा. आणि त्याच्या मागं, भोंग्याबाहेर, लांबून, बारीक, उघडानागडा नर्मदेचा आवाज.

"आरं, गाणं मागून येऊन राहिलं!" गर्दीतून कुणी म्हणालं.

"पोरगी गाते, पोरगी!"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण. पार्वतीबाई हसली नाही, तिनं पदर तोंडाला लावला. नर्मदा थांबली नाही. थांबली असती तर उघडं पडलं असतं असं तिला वाटत होतं, आणि जे आधीच उघडं पडलंय ते झाकायला ती आणखी जोरानं गात होती.

जिवनबाईनं भोंग्याकडं बघितलं. मग ती वळली. मेळ्याच्या पुढची बाई गाताना कधी वळत नाही, पण ती वळली आणि तिनं नर्मदेच्या उघड्या तोंडाकडं बघितलं. रागानं नाही. एखादी वस्तू ठेवलेल्या जागी सापडू नये आणि ती भलत्याच ठिकाणी दिसावी, तसं. मग तिनं मोकळा हात वर केला. थांब.

नर्मदा गप्प झाली.

जिवनबाई पुन्हा पुढं वळली आणि राहिलेलं गाणं तिनं एकटीनं म्हटलं. सगळं खाली, सगळं घोगरं, मध्ये मध्ये फाटत. भोंग्यानं त्यातलं काहीही सोडलं नाही. निम्मे लोक संपायच्या आत उठून गेले.

घरी आल्यावर जिवनबाई चुलीपुढं बसली, चूल न पेटवता.

"तीन वर्सं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू खूश व्हतीस."

"म्या रोज तिला हात जोडत व्हते, नर्मदे. तू गात व्हतीस, अन् म्या तिला हात जोडत व्हते." जिवनबाईनं राख उकरली. "तुला बी बरं वाटत असंल, न्हाई का? गाताना."

नर्मदेला बाजारातला तो टांगेवाला आठवला. ती खोटं बोलू शकली असती. "वाटायचं," ती म्हणाली.

मायनं उकरलेली राख पुन्हा सारखी केली.

सकाळी किसनराव आले. कालचं उखडणं विसरून एकदम गोड बोलायला लागले. गावानं ठरवलं होतं, देवीनं गळा पोरीला दिला, मग मानही पोरीचा. "घरातल्या घरात राहिला की, जिवनबाई! आज नर्मदा भोंग्यापुढं. पुसेगावचे लोक येऊन राहिलेत ऐकायला."

"तिला इचारा," जिवनबाई म्हणाली, आणि सुपातल्या जोंधळ्याकडं बघत राहिली.

नर्मदेला जायचं होतं. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. हिंगोलीचा बाजार, वळलेल्या माना, पेटीतल्या त्या लालसर झालेल्या नळ्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. पण मान घ्यायचा म्हणजे मायनं पोत तिच्या हातात द्यायचा, सगळ्यांसमोर, आणि मागं जाऊन उभं राहायचं.

"मी मायच्या मागंच उभी राहते," ती म्हणाली.

"मागं काहून? पुढं बोलावून राहिलो आमी!"

"मागंच."

किसनराव डोकं खाजवत तो मान घेऊन पार्वतीबाईकडं गेले. त्या दुपारी भोंग्यापुढं पार्वतीबाई उभी राहिली, चांगली गायली, पुसेगावकरांनी माना डोलावल्या. तिचं झालं, खाजा मियांनी खुंटी बंद केली, लोक पांगायला लागले, आणि मग जिवनबाई पोत घेऊन ओट्यावर चढली. मानाशिवाय, भोंग्याशिवाय.

"माझ्या मागं उभी राहणार असशील तर निस्ती झील," ती न वळता म्हणाली. "वरचं घ्यायचं न्हाई."

"माय, मग वरच्या ओळीला काय?"

"काय न्हाई."

संतरामनं संबळ धरलं. पुढं पंधरा-वीस माणसं होती, त्यातली निम्मी उठायच्या बेतात. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, नर्मदेनं शेपटं उचलली. चाल वर चढली. जिवनबाईनं पोत डोक्यावर नेला आणि तोंड मिटून ठेवलं. नर्मदेच्या गळ्यात ओळ पुरी तयार होती, दातांपर्यंत आली होती. तिनं ओठ आवळले. सुराच्या जागी नुसतं संबळ वाजत राहिलं, आणि जाळाचा फडफड आवाज. मग पोत खाली आला आणि मायनं पुढची ओळ घेतली.